फडापासून बाटलीपर्यंत : प्रस्तावना

पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याच्या देशातल्या सध्याच्या कार्यक्रमाचे प्रायोगिक प्रकल्प 2001 साली झाले. त्यासाठी निवडलेल्या ठिकाणांत महाराष्ट्रातली दोन नावं होती, मनमाड आणि मिरज. सांगलीच्या विश्रामबागेतून मिरजेला जायला रिक्षाने काही मिनिटं लागतात. तेव्हा आपल्या भागात या प्रयोगाकडे पाहिलं गेलं ते उसाला दोन पैसे जास्त सुटतील का, एवढ्याच नजरेनं. कार्बन उत्सर्जन हा शब्द कारखान्याच्या वार्षिक सभेत कुणी उच्चारत नव्हतं. आज कारखान्याच्या एकाच डिस्टिलरीच्या फाटकातून दोन प्रकारचे टँकर निघतात. एक तेल कंपनीच्या डेपोकडे जातो, दुसरा व्हिस्की-रम-ब्रँडी भरणाऱ्या बॉटलिंग प्लँटकडे. पहिल्याला सरकार हरित इंधन म्हणतं. दुसऱ्यातला माल विकत घेणाऱ्या मद्य कंपन्या आपल्या अहवालांत नेट झिरोची, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाची, वचनं देतात. दोन्हींच्या मुळाशी तोच ऊस, तीच मळी, तोच बॉयलर.

हे पुस्तक दुसऱ्या टँकरबद्दल आहे. इंधनाच्या इथेनॉलवर मराठीत बरंच लिहून झालं आहे, साखरेच्या अर्थकारणावर तर कपाटं भरतील. मद्य कंपनी हवेत किती कार्बन सोडते आणि तो कमी करण्याचं तिचं वचन कसं तपासायचं, यावर मात्र मराठी वाचकाच्या हाती जवळपास काही नाही. माझं म्हणणं थोडक्यात असं: अशा कंपनीचं वचन तिच्या स्वतःच्या आवारात तपासून काही कळत नाही. ते उसाच्या फडात, डिस्टिलरीच्या बॉयलरवर, स्पेंटवॉशच्या तळ्यावर आणि काचेच्या भट्टीपाशी तपासावं लागतं. यातल्या पहिल्या तीन जागा सांगली-साताऱ्यात गावोगावी आहेत.

ज्यांचा कारखान्याशी कधी संबंध आला नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी ओळख. एक टन ऊस गाळला की त्यातून शंभर-सव्वाशे किलो साखर निघते, पावणेतीनशे-तीनशे किलो बगॅस, म्हणजे चोथा, निघतो आणि चाळीस किलोच्या आसपास मळी. ही मळी पाण्यात सैल करून, यीस्ट घालून आंबवतात, तिला वॉश म्हणतात. वॉश ऊर्ध्वपातनाच्या कॉलममधून गेला की रेक्टिफाइड स्पिरिट मिळतं. ते आणखी शुद्ध केलं की ईएनए, म्हणजे वास-चव काढून टाकलेला मद्यार्क. भारतात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक बाटल्यांत मुख्य भाग याच ईएनएचा असतो, मळीपासूनचा किंवा धान्यापासूनचा. माल्ट त्यात चवीपुरतं.

फर्मेंटरच्या माथ्यावरच्या जाळीवर उभं राहून खाली पाहिलं की तपकिरी वॉश खळखळ उकळतोय असं वाटतं. तो उकळत नसतो, कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फुटत असतात. जुने ऑपरेटर नव्या पोराला पहिल्याच दिवशी बजावतात की मॅनहोलवर तोंड न्यायचं नाही. हा वायू हवेपेक्षा जड, रिकाम्या टाकीतही तळाशी साचून राहतो, आणि टाकी धुवायला उतरलेली माणसं त्यात गुदमरून गेलेली आहेत. रसायनशास्त्राचा हिशेब सरळ आहे. 180 ग्रॅम ग्लुकोजमधून 92 ग्रॅम मद्यार्क आणि 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळतो. म्हणजे एक लिटर शुद्ध मद्यार्कामागे साधारण पाऊण किलो वायू. काही ठिकाणी तो पकडून शीतपेयांसाठी किंवा ड्राय आइससाठी विकतात, बाकी ठिकाणी सोडून देतात. सर्वमान्य पद्धतीत हा पाऊण किलो कंपनीच्या उत्सर्जनात धरत नाहीत. उसानं तो हवेतून घेतला होता, तो हवेत परत गेला, असं त्यामागचं तत्त्व. हे तत्त्व मला मान्य आहे. अडचण त्याच्या आजूबाजूच्या गोष्टींची आहे.

त्यातली पहिली वाफ. एक लिटर ईएनए काढायला तीन किलोच्या आसपास वाफ लागते. बॉयलर बगॅसवर असेल तर हिशेब सौम्य राहतो. दगडी कोळशावर असेल तर लिटरमागे एक किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड जातो, आणि त्यातला कार्बन कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेला असतो. इथे हंगामाचा प्रश्न येतो. गाळप चार-पाच महिन्यांत आटोपतं, डिस्टिलरी त्यानंतरही कितीतरी महिने चालते. बगॅसचा काही भाग सहवीजनिर्मितीला जातो, काही कागद कारखान्यांना विकला जातो. त्यामुळे ‘आमची डिस्टिलरी बगॅसवर चालते’ असं कुणी सांगितलं, तर कोणत्या महिन्यात, हे विचारायलाच हवं.

दुसरी गोष्ट स्पेंटवॉशची, आणि माझ्या मते ती या सगळ्या प्रकरणात सर्वांत दुर्लक्षित आहे. एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर गडद तपकिरी, आम्ल, उग्र वासाचं सांडपाणी उरतं. वर्तमानपत्रं त्याला मळीमिश्रित पाणी म्हणतात. कृष्णेत मासे मरून तरंगू लागले की सांगलीकरांच्या मनात पहिला संशय याच पाण्याचा येतो. नदीचं नुकसान डोळ्यांना दिसतं, हवेचं दिसत नाही. दहा लिटर स्पेंटवॉशमध्ये एक किलोच्या आसपास सीओडी असतं, म्हणजे तेवढा ऑक्सिजन खाऊ शकणारे सेंद्रिय पदार्थ. ते उघड्या, खोल तळ्यात साठवलं की तळाशी ऑक्सिजन पोचत नाही आणि जिवाणू मिथेन तयार करतात. एक किलो सीओडीतून जास्तीत जास्त पाव किलो मिथेन निघू शकतो. त्यातला निम्माच निघाला असं धरलं, तरी तो सव्वाशे ग्रॅम. शंभर वर्षांच्या मापानं मिथेन कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 28 पट तापवणारा, म्हणजे हा सव्वाशे ग्रॅम साडेतीन किलो कार्बन डायऑक्साइडच्या बरोबरीचा. एकाच लिटरमागे, ज्या लिटरसाठी कोळशाचा बॉयलरसुद्धा एक किलोच्या आसपास सोडत होता. तोच मिथेन बंद डायजेस्टरमध्ये पकडून बॉयलरमध्ये जाळला, तर उलट कोळसा वाचतो. एकाच पाण्यातून कमाई किंवा घात. डायजेस्टरच्या घुमटाची गळती मोजली जाते का, हा प्रश्न म्हणूनच नेट झिरोच्या घोषणेपेक्षा मोठा आहे.

तिसरी गोष्ट शेतातली. आडसाली उसाला हेक्टरी 400 किलो नत्राची शिफारस आहे. घातलेल्या नत्रापैकी साधारण एक टक्का नायट्रस ऑक्साइडच्या रूपात उडून जातो असं जागतिक हिशेबात धरतात. हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे 270 पट तापवणारा. म्हणजे, नत्राला जोडलेल्या ऑक्सिजनचं वजन धरून, हेक्टरी दीड टनाहून अधिक भार फक्त खताचा. त्यात पाचट पेटवण्याचा धूर, ताकारी-टेंभू-म्हैसाळसारख्या योजनांवर पाणी उचलायला लागणारी वीज आणि युरिया बनवताना जळलेला गॅस धरलेला नाही.

हे सगळं कुणाच्या खात्यावर मांडायचं, इथून खरा वाद सुरू होतो. त्याआधी हा उद्योग इथवर कसा आला ते पाहू.

मोहाची दारू आपल्याकडे पाड्यावर, घरी गाळली जायची. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानं ती सरकारी परवान्याच्या आणि मक्त्याच्या चौकटीत आणली, आणि गाळण्याची जागा घरातून कारखान्याकडे सरकू लागली. 1949 च्या दारूबंदी कायद्याची चौकट महाराष्ट्रात अजून आहे, परवान्याची अट त्यातलीच. दरम्यान साखर आली. आज ब्रँडीसाठी ओळखली जाणारी श्रीरामपूरजवळची टिळकनगर इंडस्ट्रीज 1933 साली साखर कारखाना म्हणून सुरू झाली. 1950 साली लोणीला प्रवरेचा सहकारी कारखाना उभा राहिला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात सांगली, रेठरे, साखराळे अशी नावं उसाबरोबर जोडली गेली. साखर वाढली तशी मळी वाढली. कारखान्यांना तिचं ओझं वाटायचं, डिस्टिलरीनं ते उतरवलं. 1975 साली सुरू झालेल्या आणि पुढे वसंतदादांचं नाव मिळालेल्या, पुण्याजवळच्या मांजरी इथल्या साखर संस्थेत मद्यार्क तंत्रज्ञानाचा अभ्यास होऊ लागला. 1983 साली पुण्यात सुरू झालेल्या प्राज इंडस्ट्रीजनं डिस्टिलरीची यंत्रणा देशाबाहेर नेली. तंत्रज्ञानात आपण मागे नव्हतो आणि नाही, हे नोंदवताना मला अभिमान वाटतो.

प्रदूषणाचा विचार यापेक्षा उशिरा आला. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा. डिस्टिलऱ्यांच्या सांडपाण्यासाठी कालबद्ध उपाय ठरले ते 2003 च्या केंद्रीय सनदेत. त्यानंतर स्पेंटवॉश आटवून बॉयलरमध्ये जाळणं, प्रेसमडबरोबर, म्हणजे रस गाळून उरलेल्या गाळाबरोबर, खत करणं, आवाराबाहेर थेंब जाऊ न देणं ही भाषा रुळली. हे सारं पाणी वाचवण्यासाठी झालं. स्पेंटवॉश आटवायला वाफ लागते, आणि तो जाळताना सोबत कोळसा किंवा बगॅस घालावा लागतो. नदीचा भार कमी करताना हवेचा किती वाढला, हे त्या वेळी कुणी विचारलं नाही.

हवामानाच्या हिशेबाची शिस्त वेगळ्याच वाटेनं आली. 1997 च्या क्योटो करारानं वायूंची यादी ठरवली. 2001 मध्ये कंपन्यांसाठी हिशेबाचा जागतिक नमुना आला आणि स्कोप 1, 2, 3 ही विभागणी रूढ झाली. स्वतःच्या बॉयलरचा आणि गाड्यांचा धूर हा पहिला, विकत घेतलेल्या विजेचा दुसरा, आणि पुरवठादारापासून ग्राहकापर्यंतचं उरलेलं सगळं तिसरा. 2015 च्या पॅरिस करारानंतर वचनांची लाट आली. डियाजिओनं 2020 मध्ये जाहीर केलं की 2030 पर्यंत स्वतःच्या कामकाजातलं उत्सर्जन नेट झिरो आणि पुरवठासाखळीतलं निम्मं करू. स्कॉच व्हिस्कीच्या उत्पादकांच्या संघटनेनं 2021 मध्ये स्वतःच्या कामकाजासाठी 2040 ची मुदत घेतली. भारतानं 2021 मध्येच ग्लासगोच्या हवामान परिषदेत नेट झिरोसाठी 2070 सांगितलं, आणि सेबीनं 2022-23 पासून शेअर बाजारात नोंदलेल्या पहिल्या 1000 कंपन्यांना पर्यावरणाचा ठरावीक अहवाल सक्तीचा केला. त्या अहवालात स्कोप 3 मात्र ऐच्छिक आहे.

आता हे सांगलीच्या जमिनीवर आणून पाहा. मद्य कंपनी अनेकदा ईएनए बाहेरून विकत घेते आणि स्वतः फक्त मिश्रण करून बाटल्या भरते. मग फर्मेंटर, बॉयलर, तळं, फड हे सगळं तिच्या दृष्टीनं स्कोप 3. बॉटलिंगच्या छतावर सौर पॅनल बसवले, फोर्कलिफ्ट विजेवर आणल्या, की ‘स्वतःच्या कामकाजाचं’ वचन बरंचसं पुरं होतं. त्यात खोटं काही नाही. पण मद्यार्क जिथे तयार झाला तो सहकारी कारखाना शेअर बाजारात नोंदलेला नसतो, त्याला सेबीचा अहवाल लागू नाही. कंपनीला सांगणं ऐच्छिक, कारखान्याला सांगणं बंधनकारक नाही. हिशेबाचा सर्वांत जड भाग या दोघांच्या मधल्या खाचेत पडून राहतो.

या विषयातली मतं साधारण चार बाजूंची आहेत आणि चारही बाजूंची माणसं विश्रामबागेत भेटतात. एक बाजू साखर तंत्रज्ञांची: ऊस जेवढा कार्बन घेतो तेवढाच सोडतो, वर बगॅसची वीज कोळसा वाचवते, तेव्हा आमचा उद्योग मुळातच हरित. दुसरी बाजू जीवनचक्र मोजणाऱ्यांची. ते खतापासून काचेपर्यंत प्रत्येक टप्पा धरतात आणि उसाचा भार साखर, मळी, बगॅस यांच्यात कसा वाटायचा यावर भांडतात. मळी टाकाऊ होती तोवर तिच्यावर शेताचा भार टाकायचं कारण नव्हतं. 2018 नंतर बी-हेवी, म्हणजे साखर पूर्ण न काढलेली, मळी आणि थेट रसापासून इथेनॉल होऊ लागलं, मळीला स्वतःचा भाव आला. ज्याच्यासाठी साखर कमी काढली जाते, त्या मालाला टाकाऊ म्हणणं आता चालणार नाही. माझं मत इथे ठाम आहे. तिसरी बाजू लक्ष्य ठरवणाऱ्या सल्लागारांची, विज्ञानाधारित लक्ष्य आणि दरवर्षी अमुक टक्के घट मानणारी. त्यांची शिस्त उपयोगी आहे, कुंपण कुठे घालायचं हे कंपनीवर सोडलं नाही तर.

चौथी बाजू कार्बनच्या चर्चेत कुणी बसवत नाही, ती दारूबंदीवाल्यांची. उभी बाटली की आडवी बाटली यावर मतदान करून गावातलं दुकान बंद पाडणाऱ्या बायांनी उत्सर्जनाचा शब्द काढला नव्हता. त्यांची लढाई संसारासाठी होती. तरीही एक गोष्ट फक्त त्याच बोलतात, एकूण किती दारू विकली जावी. कंपन्यांची आकडेवारी बरेचदा लिटरमागची असते. लिटरमागचं उत्सर्जन दहा टक्के घटलं आणि विक्री वीस टक्के वाढली, तर हवेत गेलेला वायू वाढलाच. या बायकांना आणि कार्बन मोजणाऱ्यांना एका सतरंजीवर बसवावं, अशी माझी फार इच्छा आहे.

काचेबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण ग्राहकाच्या हातात येतो तो हाच भाग. 42.8 टक्के तीव्रतेच्या 750 मिलीच्या बाटलीत शुद्ध मद्यार्क सुमारे 320 मिली, आणि रिकाम्या बाटलीचं वजन अनेकदा चार-पाचशे ग्रॅम. वाळू, सोडा ॲश आणि चुनखडी दीड हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवावी लागते. इंधन तर जळतंच, शिवाय चुनखडी आणि सोडा तापताना स्वतःही कार्बन डायऑक्साइड सोडतात. आतल्या दारूच्या आंबवण्यातून जेवढा वायू निघाला, नवी बाटली त्याहून अधिकच सोडते असं धरायला हरकत नाही. फुटकी काच भट्टीत घातली तर इंधन वाचतं, आणि बाटली न फोडता धुऊन पुन्हा भरली तर भट्टीच टळते. देशी दारूच्या बाटल्या आपल्याकडे वर्षानुवर्षं अशा फिरत आल्या आहेत. भंगारवाला गोळा करतो, आकारानुसार निवडतो, पोत्यात भरतो, पुढे कॉस्टिकच्या पाण्यात त्यांची लेबलं निघतात. या माणसांच्या कामाला कुठल्याही हवामान अहवालात ओळ नाही. दुसरीकडे महागड्या ब्रँडच्या बाटल्या जाड होत जातात, त्यांवर नाव कोरलेलं असतं, दुसऱ्या कुणाला त्या वापरता येत नाहीत. पर्नो रिकारनं 2022 मध्ये भारतात बाटलीवरचे पुठ्ठ्याचे खोके बंद करायला घेतले, ते चांगलंच झालं. पण खोक्याचं वजन आणि बाटलीचं वजन हातात धरून पाहा.

हे आत्ताच का लिहायचं? कारण वाटणी बदलते आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉलचं प्रमाण 2022 मध्ये 10 टक्क्यांवर आणि 2025 मध्ये 20 टक्क्यांवर गेलं. डिसेंबर 2023 मध्ये साखर कमी पडेल म्हणून रसापासूनच्या इथेनॉलवर एकाएकी निर्बंध आले आणि कारखान्यांची गणितं विस्कटली. मद्यासाठीचा मद्यार्क अधिकाधिक धान्याकडे वळतो आहे. महाराष्ट्रानं 2025 मध्ये धान्यापासूनच्या मद्याचा ‘महाराष्ट्र मेड लिकर’ हा नवा वर्गच केला. धान्याच्या डिस्टिलरीला स्वतःचा बगॅस नसतो, तिला इंधन बाहेरून आणावं लागतं. मक्याचा आणि तांदळाचा कार्बनहिशेब उसापेक्षा वेगळा, आणि तो अजून मराठीत कुणी मांडलेला नाही. या पुस्तकातही त्याची सुरुवातच आहे.

आणि दुसरं कारण आपल्या दाराशी आलेलं आहे. ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा 57 फुटांच्या वर गेली, 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला. एका पुराचं खापर हवामान बदलावर फोडता येत नाही, ते मी फोडणारही नाही. पण तासगाव-पलूसच्या द्राक्षबागायतदाराला अवकाळी पावसाचं गणित विचारा, आणि पूर ओसरल्यावर आठवडाभर पाण्याखाली राहून कुजलेला ऊस पाहा. ज्या फडातून हा उद्योग उभा राहतो, तोच फड या बदलाचा पहिला मार खातो.

पुस्तकाची रीत सांगून थांबतो. इथे कोणत्याही एका कंपनीला आरोपी केलेलं नाही किंवा प्रशस्तिपत्रही दिलेलं नाही. जिथे आकडा माझा आहे तिथे तो कसा काढला ते वाचकाला पडताळता येईल असं लिहिलं आहे. दहावीचं रसायनशास्त्र आणि त्रैराशिक येत असेल तर कुठे अडायला होणार नाही. ऊस उत्पादक, डिस्टिलरीतले कामगार आणि केमिस्ट, सांगलीच्या वालचंद आणि विलिंग्डन महाविद्यालयांत शिकणारी मुलं, एखादा शेअर बाळगून असलेले निवृत्त गृहस्थ आणि दारूविरोधी चळवळीतल्या कार्यकर्त्या, हे माझ्या डोळ्यांसमोरचे वाचक. मद्य कंपनीच्या पर्यावरण विभागात काम करणाऱ्या तरुणांनीही हे वाचावं. त्यांच्यापैकी अनेकांना हे सगळं माहीत असतं, फक्त त्यांना विचारणारं कुणी नसतं.

म्हणून वाचकांना एक विनंती. पुस्तक मिटल्यावर कोणत्याही एका मद्य कंपनीचा ताजा वार्षिक अहवाल उघडा आणि तिला पत्र लिहा. तुमचा मद्यार्क कोणत्या डिस्टिलऱ्यांतून येतो, गाळप संपल्यावर तिथला बॉयलर कशावर चालतो, स्पेंटवॉशच्या डायजेस्टरची गळती कुणी मोजली, आणि तुमच्या किती बाटल्या पुन्हा भरल्या जातात, एवढंच विचारा. तेच पत्र, बाटल्यांचा प्रश्न वगळून, तुमचा ऊस जिथे जातो त्या कारखान्याच्या संचालक मंडळालाही पाठवा. सभासद म्हणून वार्षिक सभेत उभं राहून हे विचारण्याचा हक्क तुम्हाला आहेच.